शिवणाच्या खोलीतला नर

वेंडेलने पडवीतल्या कुंडीवर वाकून चष्मा नाकावर घट्ट केला आणि त्याच्या तोंडून सणसणीत शिवी गेली. पान जिथे खोडाला फुटतं त्या पेरापाशी मिरीच्या दाण्याहून लहान अशा दोन गोळ्या लटकत होत्या. त्याने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. गोळ्याच. म्हणजे नर.

नराचं आमच्या डोंगरात कुणी कौतुक करत नाही. नर दिसला की मुळासकट उपटायचा आणि त्याच्या गोळ्या उमलायच्या आत जाळून टाकायचा. गांजाच्या मादीला नराचा पराग लागला की ती तुरे भरायचं सोडते आणि बी धरायला लागते. आणि बी धरलेल्या मालाला आमच्या हम्बोल्ट जिल्ह्यात कुत्रं विचारत नाही. म्हणून इथल्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर एकच कायदा. सरकारचे कायदे दर दोन वर्षांनी बदलतात, हा बदलत नाही. फुलावर आलेला नर कुणी ठेवायचा नाही.

पण वेंडेलने तो उपटला नाही. शेजारच्या कुंडीकडे त्याने भीत भीत पाहिलं. त्या झाडाने अजून काहीच दाखवलं नव्हतं. तेही नर निघालं तर सगळा खेळ खलास.

कारण ही दोन झाडं म्हणजे ओपलच्या बियाण्यातली शेवटची दोन. ओपल त्याची बायको. तिने तारुण्यात या डोंगरावर आल्यापासून स्वतःचं एक बी जपलं होतं. उंच, सडपातळ झाड, आणि तुरा चुरडला की संत्र्याच्या सालीचा वास. इथल्या थंड धुक्यातही त्याला बुरशी धरत नसे. लोकांनी दहा ठिकाणची नवी नवी बियाणी आणली, ऑक्टोबरच्या पावसात ती सगळी कुजली, आणि ओपलचं झाड आपलं उभं. बी तिचं खातं होतं. पाण्याच्या नळ्या, लाकूडफाटा, छपरावरचे सोलर आणि बॅटऱ्या हे वेंडेलचं. चाळीसेक वर्षं दोघांनी एकमेकांच्या खात्यात नाक खुपसलं नाही, आणि संसार सुखाचा झाला.

मग ओपल गेली. तो हिवाळा वेंडेलने अंथरुणात काढला म्हटलं तरी चालेल. बॅटऱ्या बसल्या, फ्रिज बंद पडला, आणि त्याला उठून तारा बघाव्याशा वाटल्या नाहीत. बॅटऱ्या हे त्याचं खातं! उन्हाळा लागल्यावर त्याने फ्रिज उघडला तेव्हा तळाशी बियांची बरणी होती आणि बरणीच्या आत हिरवी लव आली होती. त्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हमसून हमसून रडला. ओपल गेली तेव्हाही इतका रडला नव्हता. मरण काही त्याच्या हातात नव्हतं. बरणी होती.

धुऊन, वेचून, ओल्या फडक्यात ठेवून जी काही थोडी उगवली, त्यांतली काही रानउंदरांनी खाल्ली, काही गोगलगायींनी. उरली ही दोन. जमिनीत लावली तर घुशी मुळं खातील या भीतीने त्याने ती पडवीत लहान कुंड्यांतच ठेवली होती. हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणाला म्हणा? ओढ्यावरची निम्मी घरं भाव पडल्यापासून रिकामी. जे उरले ते ओपलचे मित्र. वेंडेलचे मित्र असे कधी नव्हतेच; ओपल बोलायची आणि तो शेजारी उभा राहून मान हलवायचा.

आठवडाभराने दुसऱ्या झाडाने तोंड उघडलं. पेरापाशी दोन पांढरे केस, बाळाच्या जावळासारखे. मादी!

"आलीस गं बाई!" वेंडेल मोठ्याने ओरडला. समोरच्या झाडावरचा डोमकावळा दचकून उडाला. एक नर, एक मादी. यापरतं दान काय पडायचं? या वर्षी बी धरलं तर ओपलचं झाड जगलं. नाही तर संपलं. त्याला वाटलं, आत्ता धावत जाऊन कुणाला तरी सांगावं. तो पडवीच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिला. दरीत धुकं होतं, त्यावर रेडवुडच्या उंच झाडांचे शेंडे. मग तो आत गेला आणि स्वतःसाठी कॉफी केली.

नराला बाहेर ठेवणं शक्य नव्हतं. त्याने ती कुंडी उचलून ओपलच्या शिवणाच्या खोलीत नेली, खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, दाराखाली टॉवेल कोंबला. ही युक्ती त्याची नव्हे. ओपलही दर काही वर्षांनी त्या खोलीत एखादा नर ठेवायची, हे त्याने पाहिलं होतं. दार बंद, आणि "आत येऊ नकोस" अशी तंबी. चोरून करायची बिचारी, असं त्याला वाटे. कायदा ओढ्याचा, पण बी तर हवंच. आपणही तेच करायचं. गुपचूप थोडा पराग घ्यायचा, मादीच्या एका फांदीला लावायचा, नर जाळून टाकायचा. कुणाला पत्ता लागायचं कारण नाही.

"बस इथे," तो नराला म्हणाला. "बायको बाहेर आहे तुझी. उड्या मारू नकोस."

गुरुवारी टॅमी आली. टॅमी म्हणजे खालच्या वळणावर राहणारी, पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ बाई. नवरा केव्हाच पळून गेलेला. तिचं एक पॉलीहाऊस होतं, परवान्याचं, आणि ओढ्यावर विकण्यासाठी माल काढणारी आता ती जवळजवळ एकटीच राहिली होती. दर गुरुवारी ती वेंडेलला अंडी आणून द्यायची. ओपल असताना अंड्यांच्या बदल्यात जॅम मिळायचा. आता काहीच मिळत नव्हतं, तरी ती यायची. अख्ख्या आठवड्यात वेंडेलशी बोलणारं तेवढं एकच माणूस.

"काय म्हाताऱ्या, जिवंत आहेस का?"

"अंडी आणलीस ना? मग आहे."

तिने मादीची कुंडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! याला कुंडी म्हणतात की कॉफीचा मग? मुळं बघ खालून कशी लोंबतायत. आणि फुलावर आलीय की ही!"

"मोठ्या कुंडीत लावायची आहे."

"आत्ता? दिवस भरलेल्या बाईला घर बदलायला लावतोस?"

"मग काय, या मगातच बाळंत होऊ दे?"

टॅमी खो खो हसली. मग तिने बाह्या वर केल्या. तिच्या हसण्याने पडवी भरून गेली आणि वेंडेलला उगीचच हुशारी आली. त्याने कापडी मोठी कुंडी आणली. रानातली काळी माती, जुनं शेणखत, गांडूळखत आणि मूठभर हाडांचा चुरा त्याने आधीच कालवून ठेवला होता. टॅमीने मिश्रण मुठीत दाबलं, नाकाशी नेलं, मान हलवली.

"माती छान झालीय. पण मुळांचा गड्डा फोडू नकोस हं. एरवी लागण करताना फोडतात, फुलावर आल्यावर नाही. आहे तसा उचलायचा आणि आहे तसा ठेवायचा. तिला कळताच कामा नये."

तिने खोडाभोवती बोटं पसरून कुंडी उलटी केली, वेंडेलने बुडावर चापटी मारली, आणि गड्डा सबंध तिच्या हातात आला. पांढऱ्या मुळांची नुसती टोपली विणली गेली होती. दोघांनी मिळून तो खड्ड्यात बसवला, कडेने माती सारली, हलकं पाणी दिलं, आणि कुंडी मॅड्रोनच्या झाडाच्या सावलीत सरकवली.

"चार दिवस ऊन नको," टॅमी म्हणाली. "आणि खतही नको. तिला आधी पाय रोवू देत. मग द्यायचं, पण अर्ध्या ताकदीचं. कळलं?"

"मी काय काल आलोय का या डोंगरावर?"

"आलास केव्हा ते माहीत आहे. शिकलास किती ते बोल." तिने हात झटकले. "ओपलचंच ना हे? वासच सांगतो. पण एकच का लावलंस? घरापुरती सहा झाडं कायद्याने चालतात की."

"एकच बास झालं मला."

"बी शिल्लक आहे ना?"

इथे सांगता आलं असतं. बाईने दार उघडून दिलं होतं, नुसतं पाऊल टाकायचं. पण बरणी त्याच्या डोळ्यांसमोर आली, ती हिरवी लव, आणि ओपलच्या मैत्रिणीला हे सांगणं त्याच्याने होईना.

"भरपूर आहे," तो म्हणाला.

"आणि नर निघाले का काही?"

"एक निघाला. उपटला."

"शहाणा आहेस. बाबा, यंदा मला काही होऊन चालणार नाही. हे पीक नीट निघालं तर मी इथे टिकले, नाही तर बहिणीकडे नेवाडात जाऊन तिच्या सोफ्यावर झोपायचं. आणि माझी बहीण म्हणजे साक्षात खवीस आहे!"

ती गेली. वेंडेलने अंडी आत ठेवली. शिवणाच्या खोलीच्या दाराकडे त्याने बघणं टाळलं.

चार दिवस त्याने धीर धरला, पण मग काळजीने त्याची मती फिरली. एवढं एकच झाड, त्याला काही कमी पडायला नको, म्हणून त्याने समुद्रशेवाळाचं आणि माशाचं खत कालवून पूर्ण ताकदीचं पाजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजलं. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला आलेला प्रत्येक जण काही ना काही भरवून जातो ना, तसलाच प्रकार. पानांची टोकं आधी पिवळी झाली, मग तपकिरी, मग वळून वाघनखांसारखी वाकडी. त्याने टॅमीला फोन केला. फोन करायचा त्याला भारी कंटाळा, पण केला.

ती तासाभरात हजर. पानं बघून तिने कंबरेवर हात ठेवले. "खतात बुडवून मारतोस काय तिला? अर्धं म्हटलं होतं ना मी?"

"मला वाटलं, फुलायला ताकद लागेल."

"ताकद! तुला जेवताना कुणी नरड्यात मूठ घालून कोंबलं तर येईल का ताकद?" असं म्हणत तिने नळी लावलीसुद्धा. साधं पाणी, कुंडीच्या बुडातून वाहून जाईपर्यंत. पाणी चहासारखं निघालं, मग फिकं, मग स्वच्छ. दोघं शेजारी शेजारी उभे राहून ते वाहताना बघत होते.

"वेंडेल, एका झाडापायी एवढा जीव टाकतोस, काय आहे काय?" तिने या वेळी चेष्टा न करता विचारलं.

"काही नाही. वेळ जात नाही."

तिने त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. "ये की खाली कधी. मीही एकटीच असते. दिवसभर पंख्यांशी बोलते मी."

तो गेला नाही. जायचं म्हणजे काय करायचं, तिथे जाऊन कुठल्या विषयावर बोलायचं, हे त्याला ठरवता आलं नाही.

झाड वाचलं. पांढऱ्या केसांचे झुपके झाले, झुपक्यांचे तुरे व्हायला लागले. आत नराच्या गोळ्या फुगल्या, लोंबल्या, आणि एका सकाळी उमलल्या. वेंडेलने दार उघडलं तर शिवणयंत्राच्या काळ्या अंगावर पिवळी भुकटी पडलेली. त्याने अंगातला कोट काढून दारामागच्या खुंटीला अडकवला. तो कोट ओपलचा होता, जाड रेघारेघांच्या कापडाचा. सकाळच्या धुक्यात तो रोज तोच घालायचा. धूत नसे. धुतला तर तिचा वास जाईल, आणि मग काय उरेल?

त्याने फांद्या कागदावर झटकल्या. ओपलचा रंगकामाचा मऊ ब्रश घेतला, चिमूटभर पराग बाहेर नेला आणि मादीच्या खालच्या एका फांदीला, लाल दोरा बांधून, हलक्या हाताने लावला. वारा पडलेला होता. वरून पाण्याचा फवारा मारला, म्हणजे उरलेला पराग मरावा. मग नर उपटला, पोत्यात कोंबला, चुलाणात जाळला. पुढे अंगाला दोनदा साबण लावून अंघोळ, डोकं धुतलं, नखं घासली, सगळे कपडे उकळत्या पाण्यात टाकले. नर हाताळलेल्या माणसाने हे केल्याशिवाय कुणाच्या बागेत पाऊल टाकायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वेंडेलने सगळं केलं. स्वतःवर खूश झाला. ओपल, बघ, जमलं मला, असं तो आरशात बघून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात टॅमीचा पिकअप करकचून थांबला. तिने खाली उतरायच्या आधीच ओरडायला सुरुवात केली. "चल लवकर! वाऱ्याने पॉलीहाऊसचं प्लास्टिक फाडलंय, एका हाताने धरू की एका हाताने शिवू? चल रे!"

बाहेर धुकं, गारठा. वेंडेलने दारामागे हात घातला, कोट ओढला आणि निघाला.

त्या दिवसासारखा दिवस त्याला ओपल गेल्यापासून मिळाला नव्हता. तो शिडीवर चढून प्लास्टिक धरत होता, टॅमी खालून शिव्या घालत होती, "डावीकडे, अरे तुझं डावं कुठलं, माझं डावं!" तो रांगांमधून इकडून तिकडे फिरला, दोऱ्या आवळल्या, फांद्यांना जाळीचा आधार दिला. झाडं काय सुंदर होती! कमरेएवढी, नुकते पांढरे तुरे फुटलेले. चारही पंखे घरघरत होते. दुपारी तिने बीन्सचं सूप आणि मक्याचा पाव वाढला. तो तीनदा घेऊन जेवला. निघताना ती अचानक थांबली आणि त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून म्हणाली, "हा ओपलचा ना?"

"हो."

"अजून येतो तिचा वास?"

"थोडा."

तिने पुढे होऊन त्याला मिठी मारली आणि कोटाच्या खांद्यावर नाक टेकून उभी राहिली. वेंडेलला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग त्याने ते तिच्या पाठीवर ठेवले. घरी येताना तो सबंध चढ शीळ घालत चढला.

पडवीत ऊन आलं होतं. कोट काढून तो कठड्यावर टाकणार, तोच त्याला दिसलं. कापडाच्या उभ्या रेघांमध्ये, एकूण एक रेघेत, पिवळं काहीतरी भरलं होतं. त्याने बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

कोट आदल्या दिवशी त्या खोलीत होता. तो फांद्या झटकत असताना तिथेच, खुंटीवर.

वेंडेल खाली बसला. रांगांमधून फिरलो. पंखे चालू होते. तिने त्यावर नाक घासलं आणि नंतर परत आत गेली असेल. पण अजून वेळ गेली नव्हती. आत्ता फोन केला, आत्ता तिने पंखे बंद करून झाडांवर पाण्याचे फवारे मारले, तर निम्मं तरी वाचेल. पराग पाण्याने मरतो. फोन त्याच्या हातात होता.

आणि काय सांगायचं? नर उपटला म्हणालो ते खोटं. बी भरपूर आहे म्हणालो ते खोटं. ओपलचं बी मी कुजवलं, आणि ते लपवायला तुझ्या पिकावर उठलो. हे ऐकल्यावर ती पुन्हा या पायऱ्या चढेल? गुरुवार येईल आणि जाईल. त्याच्या मनाने लगेच वकिली सुरू केली. कदाचित थोडाच पडला असेल. कदाचित पडलाच नसेल. तुरे अजून कोवळे आहेत. उगीच कशाला घाबरवायचं? ऊन पडवीतून सरकलं, मग अंगणातून सरकलं, मग डोंगरामागे गेलं. फोन तसाच मांडीवर. माणसाने स्वतःला किती फसवावं यालाही काही सीमा असते, पण त्या दिवशी वेंडेलला ती सापडली नाही.

पुढचे गुरुवार ती येत राहिली. वेंडेल दर वेळी तिच्या चेहऱ्याकडे आधी बघायचा आणि अंड्यांकडे मग. ती आनंदात असली की त्याला हायसं वाटे आणि स्वतःची किळसही येई. लाल दोऱ्याच्या फांदीवरचे दाणे टपोरे होत होते, करडे, वाघासारखे पट्टे असलेले. ओपलचं बी अगदी असंच दिसे. ते पाहून त्याला जो आनंद व्हायला हवा होता तो काही झाला नाही.

मग एक दिवस गुरुवार नसताना ती आली. पिकअपचं दार तिने लावलंही नाही. पायऱ्या चढून वर आली आणि मूठ उघडून त्याच्यासमोर धरली. चुरडलेला तुरा, आणि त्यात दाणेच दाणे.

"सगळं," ती म्हणाली. "एकेक झाड. शेवटच्या रांगेपर्यंत." आणि ती पडवीच्या पायरीवर बसून लहान पोरासारखी रडायला लागली. वेंडेलने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "त्या मेल्यांचं वाटोळं होवो! पलीकडच्या काठावर ती नवी पोरं आलीत ना, त्यांचंच काम. त्यांना नर कशाला म्हणतात ते तरी ठाऊक आहे का? मी जाऊन त्यांच्या दाराला काडी लावते बघ. लावतेच!"

वेंडेल तिच्या शेजारी बसला. गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पोरांनी शिव्या खाल्ल्या असत्या, ती त्याच्याच पडवीत रडली असती, त्याच्याच हातची कॉफी प्याली असती. त्याच्या मनात हे सगळं येऊन गेलं.

"टॅमी," तो म्हणाला, "ती पोरं नाहीत. मी आहे."

मग त्याने सांगितलं. बरणी, उंदीर, दोन झाडं, शिवणाची खोली, कोट. कोटावरचा पिवळा रंग त्याच दिवशी दिसला होता, हेही सांगितलं.

टॅमीने डोळे पुसले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं त्याच्याकडे बघत राहिली, कुणी अनोळखी माणूस जवळ येऊन बसावा तसं.

"त्याच दिवशी दिसलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्यानंतर मी किती वेळा आले इथे."

तो उठला, कुंडीपाशी गेला, लाल दोऱ्याच्या फांदीवरचा तुरा तोडून तळहातावर चुरडला. संत्र्याच्या सालीचा वास सुटला. पिकलेले दाणे वेगळे करून त्याने हात तिच्यापुढे धरला. "घे. निम्मं तुझं. सगळं घे, हवं तर."

तिने दाण्यांकडे पाहिलं. "माझ्याकडे आहे की, वेंडेल. पॉलीहाऊस भरून आहे."

वेंडेलने मूठ मिटली.

"तुला काय वाटलं रे, ओपल कसं करायची?" तिने विचारलं.

"शिवणाच्या खोलीत. गुपचूप."

"गुपचूप?" टॅमी हसली, पण ते हसू तिचं नव्हतं. "अरे, ॲपल पाय घेऊन ती दारोदार यायची. बी धरायचं वर्ष असलं की आधी प्रत्येक घरी. 'माझा नर अमुक दिवशी उमलेल, तेव्हा पंखे बंद ठेवाल का?' आम्ही पडदे सोडायचो, चार दिवस उकाड्यात बसायचो आणि तिला शिव्या घालत ॲपल पाय खायचो. ओढ्यावरच्या एकानेही कधी नाही म्हटलं नाही. तू नवरा ना तिचा? तुला माहीत नव्हतं?"

वेंडेलने नाही अशी मान हलवली. तो तेव्हा बॅटऱ्यांना पाणी भरत असेल, नाही तर लाकडं फोडत असेल. ॲपल पाय केले की एक त्याच्यासाठी घरी राहायचा. बाकीचे कुठे जातात हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"चार दिवस," टॅमी उठत म्हणाली. "एवढंच लागलं असतं. तू सांगायचं होतंस, बी संपत आलंय, टॅमी, पंखे बंद ठेव. मी नाही म्हटलं असतं? ओपलच्या बीसाठी?"

ती पायऱ्या उतरली. पिकअपचं दार उघडंच होतं. महिना संपायच्या आत ती नेवाडात, बहिणीच्या सोफ्यावर गेली.

वेंडेलने बी सुकवलं. यंदा खूप झालं, आणि चांगलं झालं. त्याने त्याच्या पुड्या केल्या, ओढ्यावरच्या एकेका घराच्या नावाने, ओपलने केल्या असत्या तशा. मग एक पुडी घेऊन तो डोंगर उतरला आणि पलीकडच्या काठावर, त्या नव्या पोरांच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. आतून बोलण्याचे, हसण्याचे आवाज येत होते. दार वाजवल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं. तो बराच वेळ तिथे उभा होता.